ट्रॅव्हल ट्रेलरसाठी जनरेटर: आधी ए.सी.चं ठरवा, मग दुकानात जा

अमेरिकेत ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला की पहिले काही महिने बहुतेक जण खासगी कॅम्पग्राउंडवरच जातात. ट्रेलर लावला, विजेच्या खांबाला केबल जोडली, ए.सी. सुरू. जनरेटरची आठवण होते ती नॅशनल पार्कचं बुकिंग करताना. योसेमिटीच्या एकाही कॅम्पग्राउंडवर विजेचं हुकअप (खांबावरून वीज घ्यायची सोय) नाही. यलोस्टोनमध्ये ते फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये आहे. बाकी सगळीकडे ट्रेलरची बॅटरी, छतावर असलंच तर सोलर पॅनल आणि तुम्ही सोबत नेलेला जनरेटर, एवढ्यावर भागवायचं.

इथे नवखे लोक दोन प्रकारे फसतात. काही जण खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघून शंभर पौंडांचं धूड उचलून आणतात आणि त्यावर फक्त बॅटरी चार्ज करतात. बाकीचे उचलायला सोपा म्हणून २,००० वॅटचा छोटा घेतात आणि जुलैत ए.सी.चं बटण दाबलं की तो लाल दिवा दाखवून गप्प बसतो. दोन्ही चुकांचं मूळ एकच: जनरेटरवर ए.सी. चालवायचा की नाही, हे आधी ठरलेलंच नसतं.

पायरी १ : ए.सी. हवा की नको

ट्रेलरमध्ये सगळ्यात जास्त वीज खातो तो छतावरचा ए.सी. १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) ए.सी. चालताना साधारण १,३०० ते १,६०० वॅट घेतो. बाहेर जितकं ऊन, तितका आकडा वर. पण अडचण चालण्याची नाही, सुरू होण्याची आहे. काँप्रेसर सुरू होताना एका सेकंदापेक्षाही कमी वेळ दुपटीहून अधिक ओढ घेतो. व्यवहारात ती २,८०० ते ३,३०० वॅट धरून चाला. १५,००० बीटीयूचा असेल तर आणखी वर. तेवढी ताकद जनरेटरमध्ये नसेल तर काँप्रेसर नुसता घुर्र करतो आणि ओव्हरलोडचा दिवा लागतो.

आता उलट बाजूने बघा. जनरेटरवर ए.सी. लावून रात्रभर झोपायचं, हा बेत पब्लिक कॅम्पग्राउंडवर जमतच नाही, कारण तिथे जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात. योसेमिटीत सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७. बास. म्हणजे ए.सी. मिळून मिळून दुपारी दोन आणि संध्याकाळी दोन तास मिळणार. शिवाय उंचावरच्या पार्कांमध्ये त्याची गरजही क्वचितच पडते. यलोस्टोन लेकच्या काठी जुलैतही रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरतो. तिथे ए.सी. नाही, फर्नेस लागतो, म्हणजे ट्रेलर उबदार ठेवणारा हीटर. फर्नेस प्रोपेनवर जळतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो.

म्हणून बहुतेक कुटुंबांसाठी जनरेटरचं खरं काम म्हणजे सकाळी बॅटरी भरून घेणं आणि तेवढ्या वेळात मायक्रोवेव्ह, मिक्सर उरकून घेणं. त्याला १,८०० वॅट सतत देणारा एक छोटा इन्व्हर्टर जनरेटर (बंद डब्यातला, भारानुसार वेग कमी-जास्त करणारा) पुरतो. ॲरिझोना, टेक्सस, ओक्लाहोमा अशा भागांत उन्हाळ्यात हुकअपशिवाय राहायचं असेल तरच ए.सी.चा हिशोब धरा.

पायरी २ : वॅट मांडा, कागदावर

खोक्यावर दोन आकडे असतात. मोठ्या अक्षरात असतो तो सुरुवातीच्या झटक्याचा, बारीक अक्षरात असतो तो सतत देण्याचा. हिशोब बारीक आकड्यावरच करायचा. होंडाच्या ईयू२२००आयचं उदाहरण घ्या. नावात २,२०० आहे, पण सतत मिळतात १,८०० वॅट, म्हणजे १२० व्होल्टवर १५ ॲम्पिअर. ३० ॲम्पिअरच्या ट्रेलरची कमाल मागणी असते ३,६०० वॅट. म्हणजे हा जनरेटर त्याच्या बरोबर निम्मे देतो.

ट्रेलरमधल्या वस्तू साधारण इतके वॅट घेतात:

- मायक्रोवेव्ह : दारावर १,००० लिहिलेलं असलं तरी ते आतल्या उष्णतेचं असतं, भिंतीतून तो १,५०० च्या आसपास ओढतो
- वॉटर हीटरचा विजेचा एलिमेंट : १,४०० च्या थोडं वर
- गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा फ्रिज, विजेवर असताना : ३०० ते ४००
- सहा क्वार्टचा इन्स्टंट पॉट : १,०००
- इलेक्ट्रिक किटली किंवा हेअर ड्रायर : १,५००
- मिक्सर : ५०० ते ७५०

मिक्सरबद्दल एक सूचना. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर ट्रेलरच्या १२० व्होल्टवर चटणीसुद्धा धड वाटणार नाही. इथल्या व्होल्टेजचाच हवा.

आता यादीत न दिसणारे तीन चोर. या तिघांमुळे 'कालपर्यंत ए.सी. चालत होता, आज का बंद पडतो' हा प्रश्न येतो.

पहिला चोर कन्व्हर्टर, म्हणजे १२० व्होल्टवरून १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारा डबा. ट्रेलरला वीज मिळाली की तो तुम्हाला न विचारता सुरू होतो. ५५ ॲम्पिअरचा कन्व्हर्टर पूर्ण जोरात असताना ९०० वॅटच्या वर घेतो. ट्रेलरमध्ये साधी १०० ॲम्पिअर-अवरची एकच लेड-ॲसिड बॅटरी असेल तर ती स्वतःच २०–२५ ॲम्पिअरपेक्षा जास्त घेत नाही, त्यामुळे हा भार ३५०–४०० वॅटवर राहतो. पण हौसेने लिथियम बॅटरी टाकली असेल तर ती मिळेल तेवढं पिते. मग ए.सी.चे १,४०० आणि कन्व्हर्टरचे ९०० मिळून २,३०० होतात आणि छोटा जनरेटर मान टाकतो.

दुसरा फ्रिज. 'ऑटो'वर असला की वीज दिसताच तो गॅस सोडून विजेवर येतो. जनरेटर लावण्याआधी त्याला 'गॅस'वर टाका. तिसरा वॉटर हीटर. त्याचा विजेचा स्विच कॅम्पग्राउंडवर चालू केलेला तसाच राहून गेलेला असतो. काही मॉडेलमध्ये हा स्विच बाहेर, हीटरच्या झाकणाआड असतो, म्हणून तो डोळ्यांना दिसतच नाही.

ए.सी. चालवायचा असेल तर क्रम असा: फ्रिज आणि हीटर गॅसवर, कन्व्हर्टरचा ब्रेकर खाली, जनरेटरचा इको मोड बंद. मग ए.सी.चा नुसता पंखा एक मिनिट चालू द्या आणि त्यानंतर कूलिंग लावा. इको मोडमध्ये इंजिन मंद फिरत असतं. काँप्रेसरचा झटका आल्यावर त्याला वेग घ्यायला वेळ मिळत नाही. ए.सी. बंद केला की पुन्हा लावण्याआधी पाच मिनिटं थांबा. गॅसचा दाब उतरलेला नसताना काँप्रेसर सुरू करायला गेलात तर चांगला जनरेटरही अडखळतो.

ए.सी.साठी तीन वाटा आहेत. १) सतत ३,००० किंवा त्याहून जास्त वॅट देणारा एक मोठा इन्व्हर्टर जनरेटर. २) दोन छोटे जनरेटर पॅरलल केबलने जोडलेले. ३) एक छोटा जनरेटर आणि ए.सी.ला सॉफ्ट स्टार्टर. सॉफ्ट स्टार्टर छतावर ए.सी.च्या कव्हरखाली बसतो आणि सुरुवातीचा झटका निम्म्याहून कमी करतो. तो बसवल्यावर पहिले काही स्टार्ट खांबाच्या विजेवर करा, कारण त्या वेळी तो काँप्रेसरची चाल शिकत असतो.

आमच्या मते दुसरी वाट सर्वांत शहाणपणाची, खर्च जास्त असला तरी. पन्नास पौंडांच्या आतलं एकेक यंत्र एकट्याने पिकअपमध्ये चढवता येतं. थंड जागी जाताना एकच न्यायचा. एक बिघडला तरी बॅटरी चार्ज व्हायची थांबत नाही. फक्त दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकमेकांना जुळणारे हवेत.

पायरी ३ : उंची वजा करा

इंजिनाला हवा लागते आणि उंचावर ती विरळ असते. दर १,००० फुटांमागे साधारण साडेतीन टक्के ताकद जाते. यलोस्टोन लेकच्या काठचे कॅम्पग्राउंड ७,७०० फुटांच्या वर आहेत, म्हणजे सुमारे २७ टक्के वजा. तुमचा १,८०० वॅटचा जनरेटर तिथे १,३०० वॅटचा होतो. मायक्रोवेव्ह एकटा लावला तरी तो बंद पडेल.

हा हिशोबही कार्ब्युरेटर उंचीसाठी जुळवलेला असेल तरच खरा. मैदानी भागातल्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) उंचावर गेलात तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी होते: काळा धूर, काळा स्पार्क प्लग, इंजिन डचमळत चालणं. बऱ्याच कंपन्या ठरावीक उंचीच्या वरचा जेट वेगळा विकतात. आठवड्याभराच्या सहलीसाठी कुणी तो बदलत नाही. पण डेन्व्हरच्या आसपास राहत असाल तर विकत घेतानाच दुकानदाराकडून बसवून घ्या.

सॉफ्ट स्टार्टरवाल्यांनीही हे लक्षात ठेवायचं. समुद्रसपाटीला १३,५०० बीटीयूचा ए.सी. ओढणारा छोटा जनरेटर ५,००० फुटांवर १,४८५ वॅटवर येतो. दुपारच्या उन्हात ए.सी.ची मागणी त्याच्याही पुढे जाते.

पायरी ४ : आवाज

उघड्या सांगाड्याचे, बांधकामावर दिसतात तसे जनरेटर स्वस्त मिळतात. ते भार असो नसो, मिनिटाला ३,६०० फेऱ्यांनी ओरडत राहतात. ट्रेलरसाठी ते घेऊ नका, एवढं पुरे. बंद डब्यातला इन्व्हर्टर जनरेटर भारानुसार वेग कमी-जास्त करतो आणि त्याची वीजही स्वच्छ असते.

डेसिबलचा आकडा मात्र जपून वाचा. जाहिरातीतला आकडा बहुधा २३ फुटांवरून आणि पाव भारावर मोजलेला असतो. ईयू२२००आयचा तो ४८ आहे आणि पूर्ण भारावर ५७. दोन्ही आकडे छापणाऱ्या कंपनीवर जरा जास्त भरवसा ठेवायला हरकत नाही. नॅशनल पार्कचा नियम ५० फुटांवर ६० डेसिबलचा आहे. चांगला इन्व्हर्टर जनरेटर त्यात सहज बसतो.

जंगल खात्याच्या जमिनीवर जाणार असाल तर एक्झॉस्टमध्ये मान्यताप्राप्त स्पार्क अरेस्टर आहे ना, ते बघा. ठिणगीने वणवा लागू नये म्हणून ही जाळी असते. कॅलिफोर्नियात राहत असाल तर त्या राज्याच्या हवा मंडळाची मान्यता असलेलंच मॉडेल घ्या. ऑनलाइन मागवताना हे हमखास सुटतं.

पायरी ५ : पेट्रोल की प्रोपेन

ड्युअल फ्युएल मॉडेल दोन्हींवर चालतं. प्रोपेन वर्षभर पडून राहिला तरी खराब होत नाही, कार्ब्युरेटर चिकट होत नाही आणि पेट्रोलचा डबा गाडीतून न्यावा लागत नाही. किंमत म्हणून सुमारे दहा टक्के ताकद जाते. शिवाय ट्रेलरचा फर्नेस, फ्रिज आणि शेगडी त्याच प्रोपेनवर असतात, हे विसरू नका. थंडीत छोट्या सिलिंडरमधून गॅस पुरेशा वेगाने बाहेर येत नाही. सिलिंडरवर दव गोठतं आणि इंजिन धापा टाकतं.

पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. पंधरा टक्क्यांचं भरू नका. खर्चाचा अंदाज हवा तर ईयू२२००आयची टाकी गॅलनपेक्षा थोडी कमी आहे. ती पूर्ण भारावर तीन तासांच्या वर आणि पाव भारावर आठ तास जाते.

पायरी ६ : जोडणी

३० ॲम्पिअरच्या ट्रेलरच्या केबलला तीन पिनांचा जाड प्लग असतो. जनरेटरवर मात्र कधी तेच सॉकेट असतं, कधी फिरवून अडकवायचं ३० ॲम्पिअरचं, तर कधी फक्त घरातल्यासारखी १५–२० ॲम्पिअरची. विकत घेण्याआधी सॉकेटचा फोटो बघून योग्य अडॅप्टर त्याच वेळी मागवा. ५० ॲम्पिअरच्या ट्रेलरलाही ३० चं अडॅप्टर लावून १२० व्होल्टवर चालवता येतं. दोन ए.सी. एकत्र चालणार नाहीत, इतकंच.

जनरेटर लांब ठेवायचा म्हणून वायर वाढवाल तेव्हा ती जाड, १० गेजचीच घ्या. गॅरेजमधली बारीक नारिंगी वायर लावली तर ती तापते आणि ए.सी.पर्यंत व्होल्टेज १०५ च्या खाली उतरतं. त्याने काँप्रेसरचं आयुष्य घटतं आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता नवख्यांची सगळ्यात जास्त झोप उडवणारी गोष्ट. जनरेटर नवा, ट्रेलरचं विजेपासून रक्षण करणारं यंत्रही नवं, दोन्ही जोडले आणि यंत्र 'ओपन ग्राउंड' (ग्राउंड म्हणजे अर्थिंग) म्हणत वीज आत सोडतच नाही. लोक जनरेटर परत करून येतात. बिघाड मात्र कशातच नसतो. छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड एकमेकांना जोडलेले नसतात, आणि खांबाच्या विजेत ते मागे पॅनलमध्ये कुठेतरी जोडलेले असतात. रक्षक यंत्र ती जोड शोधतं, सापडली नाही की अडवतं.

उपाय म्हणजे न्यूट्रल-ग्राउंड जोडणारा प्लग. तो तयार मिळतो. घरी करायचा तर साधा १५ ॲम्पिअरचा, पिना असलेला प्लग घ्या. चंदेरी स्क्रू आणि हिरवा स्क्रू १४ गेजच्या वायरच्या तुकड्याने जोडा. पितळी स्क्रूला काहीही लावू नका. झाकण बंद करून जनरेटरच्या एका रिकाम्या सॉकेटमध्ये तो खोचा. दोन जनरेटर पॅरललमध्ये असले तरी प्लग एकालाच. त्यावर ठळक अक्षरात 'फक्त जनरेटर' असं लिहून ठेवा. हा प्लग घरातल्या किंवा कॅम्पग्राउंडच्या सॉकेटमध्ये कधीही जाता कामा नये, आणि ज्या जनरेटरमध्ये ही जोड आतच आहे त्यालाही लावायचा नाही.

जनरेटरवर १२ व्होल्टचं एक सॉकेट असतं आणि त्यावरून थेट बॅटरी चार्ज करायचा मोह होतो. ते ८ ॲम्पिअरच्या आसपास देतं, तेही बॅटरीची अवस्था न बघता. ट्रेलरची केबलच जोडा आणि चार्जिंग कन्व्हर्टरला करू द्या. लेड-ॲसिड बॅटरी ५० वरून ८० टक्क्यांवर चटकन येते, शेवटचे वीस टक्के मात्र कित्येक तास घेतात. म्हणून शंभर टक्क्यांच्या मागे लागून पेट्रोल जाळू नका. उरलेलं सोलरवर सोडा.

पायरी ७ : ठेवायचा कुठे

ट्रेलरपासून किमान २० फूट, एक्झॉस्टचं तोंड ट्रेलरकडे नाही आणि शेजाऱ्याकडेही नाही. एक्झॉस्टमधल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. वारा फिरला की तो उघड्या खिडकीतून किंवा ट्रेलरच्या तळातल्या भोकातून आत येतो. ऑनिंगखाली (ट्रेलरच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराखाली), पिकअपच्या झाकलेल्या मागच्या भागात किंवा पाऊस लागू नये म्हणून डब्यात चालू जनरेटर ठेवायचा नाही. ट्रेलरमधला मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवरून काढून त्याच्या पाठीवरची मुदत बघा. जुन्या ट्रेलरमध्ये ती बरेचदा संपलेली असते. बटण दाबल्यावर वाजला म्हणजे सेन्सर शाबूत आहे, असा अर्थ होत नाही. ते बटण फक्त भोंगा तपासतं. नवीन जनरेटर घेताना मोनॉक्साइड वाढला की स्वतः बंद होणारं मॉडेलच निवडा.

जागा सपाट हवी. यंत्र कललं की ऑइल एका बाजूला जातं आणि ऑइल कमी असल्याचा इशारा देत इंजिन बंद पडतं. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. जनरेटर आणि पेट्रोलचा डबा पिकअपच्या उघड्या मागच्या भागात न्यायचा, एसयूव्हीच्या आत किंवा ट्रेलरमध्ये नाही. आणि साखळीने बांधायचा, कारण या वस्तू रात्रीतून गायब होतात.

पायरी ८ : घरी आणल्यावर

नवा जनरेटर ऑइलशिवाय येतो. हे खोक्यावर लिहिलेलं असूनही कित्येक जण कोरड्या इंजिनाची दोरी ओढत बसतात. छोट्या जनरेटरला अर्ध्या लिटरपेक्षाही कमी ऑइल लागतं. १०डब्ल्यू-३० ग्रेडचं आणा आणि फनेल वापरा. पहिलं ऑइल २० तासांनी बदला, त्यानंतर दर १०० तासांनी.

सुरू होऊन काही मिनिटांनी दम तोडत असेल तर आधी टाकीच्या झाकणावरची हवेची कळ बघा. प्रवासात ती बंद ठेवतात आणि मग उघडायची राहून जाते. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. फक्त चोकवरच चालत असेल किंवा वेग सारखा वर-खाली होत असेल तर जुन्या पेट्रोलने कार्ब्युरेटरचा बारीक जेट बुजलाय. हे टाळायला प्रत्येक सहलीनंतर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. हिवाळ्यात महिन्यातून एकदा अर्धा तास भारासकट फिरवा.

आणि दुकानाची परतीची मुदत संपण्याआधी, घरासमोर, कडक उन्हाच्या दुपारी पूर्ण चाचणी घ्या. पहिले काही तास भार कमी-जास्त करत इंजिन रुळू द्या. मग ट्रेलर जोडा, बॅटरी थोडी उतरवून ठेवा, वरच्या क्रमाने ए.सी. लावा आणि तासभर चालवा. एका सॉकेटमध्ये व्होल्टमीटर खोचून ठेवा. आकडा ११० च्या आसपास किंवा वर राहिला, ए.सी. तीनदा बंद-चालू होऊनही जनरेटर अडखळला नाही, तर खोकं टाकून द्यायला हरकत नाही. पॅरलल केबल आणि न्यूट्रल-ग्राउंड प्लग मात्र त्याच दिवशी ट्रेलरच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. घरी राहिले तर शंभर मैलांच्या आत कुठे मिळायचे नाहीत.